सांगितलेलं ऐकणारी पोरं

केव्हिना अमुलेनला मोरुकिन गावात कुणी नावानं हाक मारत नसे. तोंडावर सगळे तिला तोतो म्हणत, म्हणजे आई, आणि पाठीमागं हापशाची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यानंतर तिनं कुणाशी घरोबा केला नाही. पण गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या लोखंडी हापशावर तिनं जो जीव लावला, तो पाहून गावातल्या नवऱ्यांना हेवा वाटायचा. हापशाला साखळी होती, साखळीला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली तोतोच्या गळ्यात. सकाळी ती कुलूप काढायची, उन्हं चढली की लावायची, संध्याकाळी पुन्हा काढायची. मधल्या वेळात जमिनीखालचं पाणी जरा दम खातं, असं तिचं म्हणणं. ओट्यावर कपडे धुतलेले तिला चालत नसत. काटेरी कुंपणाच्या आत गाय शिरली तर गायीच्या मालकाला शिव्या बसायच्या, आणि त्या शिव्या त्याच्या पणजोबापर्यंत जाऊन परत यायच्या.

याला कारण होतं. हापसा बसण्याआधी सगळं गाव दलदलीचं पाणी प्यायचं. गाई जिथं डुंबत तिथलंच, हातानं गवत बाजूला सारून भरलेलं. त्या पाण्यानं एकाच पावसाळ्यात तोतोची दोन पोरं नेली. एक नुकतं चालायला लागलेलं, एक अंगावर पिणारं. उरली एक दीना. ती मोठी झाल्यावर कंपालाला गेली, शिवणकामाच्या दुकानात. "घाण पाणी म्हणजे काय ते मला विचारा," तोतो म्हणायची, आणि तिचा चेहरा बघून पुढं कुणी काही विचारत नसे.

मग तो रोग आला. म्हणजे गावात नव्हे, रेडिओत. शाळा बंद, बाजार बंद, चर्चची घंटा गप्प, मोटरसायकलवर मागं माणूस बसवायला बंदी. मयताला सुद्धा मोजकीच माणसं, असा हुकूम. ते ऐकून आमच्या तेसो मुलखातली म्हातारी माणसं हबकलीच. आमच्यात कुणी गेलं की चार गावं येतात, अंगणात झोपतात, रडतात, जेवतात आणि मग परत जातात. रडायला माणसं कमी पडली तर मेलेल्याचा अपमान झाला असं धरतात.

बाकीचे हुकूम मात्र लोकांनी आपापल्या सोयीनं पाळले. हापशावर रांग माणसांची नसते, कॅनची असते. आपला पिवळा कॅन रांगेत ठेवायचा आणि आंब्याखाली जाऊन गप्पा मारायच्या. गावचा चेअरमन ओकिया, आवाज मोठा पण काळीज सशाचं, त्यानं सांगितलं की रांगेत दोन-दोन पावलांचं अंतर पाहिजे. दुसऱ्या सकाळी कॅन कसे शिस्तीत, लांब लांब उभे! आणि त्यांच्या मालकिणी आंब्याखाली एकमेकींच्या मांडीवर डोकं ठेवून उवा बघत बसलेल्या.

"अगं बयांनो," तोतो ओरडली, "रोग तुम्हाला होणार आहे की कॅनला?"

"तोतो, कॅन आमच्याच जागी उभा आहे ना? मग त्यानं अंतर राखलं म्हणजे आम्हीच राखलं."

पुरुष त्याच्याही पुढचे. अजोनचं, म्हणजे बाजरीच्या दारूचं, मडकं मधे, भोवती सात-आठ म्हातारे, प्रत्येकाच्या तोंडात हातभर लांब नळी, आणि सगळ्या नळ्या त्याच एका मडक्यात. तोतोचा दीर एमोरुत नळी वर करून तिला दाखवायचा. "वहिनी, ही बघ केवढी लांब आहे. आमचं अंतर आपोआप राखलं जातं." तोतोनं कपाळावर हात मारला.

ती स्वतः मात्र कामाला लागली. हापशाशेजारी दोन फांद्या रोवल्या, वर आडवी काठी, काठीला लहान कॅन टांगला, त्याला भोक पाडलं आणि एक दोरी खाली पायाशी आणून लाकडाला बांधली. लाकूड पायानं दाबलं की कॅन वाकतो आणि हातावर धार पडते. शेजारी दोरीला साबणाचा तुकडा. हात धुतल्याशिवाय हापशाच्या दांड्याला शिवायचं नाही, मग चेअरमन असो नाहीतर पाद्री.

मोठ्या माणसांना हा जाच वाटला, पण पोरांना खेळ मिळाला. सगळ्यात हौस अगुतीला. अगुती म्हणजे शेजारच्या अकोलची एकुलती एक, सहा वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली. अकोलचा नवरा सरहद्दीवर ट्रक भरायच्या कामाला गेला होता आणि बंदीमुळे तिकडेच अडकला होता, मायलेकी दोघीच. अगुती लाकूड दाबायची, हात चोळायची, मग तळहात पुढून-मागून तोतोला दाखवायची.

"तोतो, बघ."

"शाबास. शहाणी माझी बाय."

आणि या शहाणीच्या उलट अचोम. एमोरुतची नात, वांड कार्टी. हात धू म्हटलं की पळायची, धरून आणली तर कॅनला लाथ मारायची. "ह्या अचोमलाच पहिला रोग लागणार, लिहून ठेवा," तोतो आंब्याखालच्या बायकांना सांगायची, आणि बायका हसायच्या.

थोड्याच दिवसांत साबणाला पाय फुटले. आज बांधलेला तुकडा उद्या दोरीवर नाही. बाजार बंद, नवा आणायचा कुठून? तोतोनं चुलीतली राख वाडग्यात भरून ठेवली. लोकांनी नाकं मुरडली. "राखेनं भांडी निघतात, तोतो. कंपालातला रोग राखेनं निघतो होय?" आणि हात न धुताच दांडा धरायला लागले.

अशात एका दुपारी दीना आली. दुकान बंद पडलं, खोलीत उपाशी बसण्यापेक्षा निघालेली बरी, म्हणून अर्धी वाट चालत आणि अर्धी मक्याच्या पोत्यांत लपून. पाय सुजून भोपळे झालेले. तोतो धावत सुटली तशी पोरीनं दोन्ही हात पुढं केले.

"जवळ येऊ नको, तोतो. दोन आठवडे मला शिवू नको. मला त्या मागच्या झोपडीत टाक आणि लांबून जेवण दे."

पोटच्या पोरीला चार वर्षांनी बघायचं आणि अंगाला हात लावायचा नाही! तोतोनं तेही केलं. दगडावर अतपचा, म्हणजे घट्ट शिजवलेल्या पिठाचा, गोळा आणि पालेभाजी ठेवायची, मागं सरायचं, मग दीना बाहेर येऊन घ्यायची. दोघी लांबून एकमेकींकडं बघत जेवायच्या.

गावाला मात्र हे पुरलं नाही. त्याच संध्याकाळी चेअरमन ओकिया दहा-बारा माणसं घेऊन अंगणात आला. तोंडाला फडकी बांधलेली, आणि बोलता यावं म्हणून सगळ्यांनी ती हनुवटीवर ओढलेली.

"तोतो, किल्ली काढ."

"का म्हणून?"

"कंपालाहून आलेलं माणूस तुझ्या घरात. तोच तुझा हात किल्लीला, तोच कुलपाला, तोच हापशाला. आणि पोरीलाही इथून हलव. तालुक्याला नेऊन सोडू."

तालुक्याला म्हणजे शाळेच्या बंद खोल्यांत. तिथं माणसं कशी कोंडली होती, जेवणाचे कसे हाल होते, हे सगळ्या गावानं ऐकलं होतं. पण तोतोचा आवाज चढलाच.

"ओकिया, तू नागडा फिरत होतास तेव्हापासून मी तुला पाणी पाजतेय. माझी पोर झोपडीबाहेर पाऊल टाकत नाही. आणि हापशाचं म्हणशील तर ऐक. मी तो असा ठेवीन की त्याच्यावर रोग बसायलाच घाबरेल. ज्या दिवशी ह्या हापशावरून कुणाला काही झालं, त्या दिवशी दीनाला मी स्वतः गावाबाहेर काढीन. तुम्हाला यायलाही लागणार नाही."

"बोललीस ते बोललीस ना?"

"बोलले."

एमोरुत मधे पडला, म्हणाला वहिनीचा शब्द आहे, ठेवा. लोक गेले. आणि तोतो रात्रभर विचार करत राहिली, की शब्द तर दिला, पण साबण कुठाय?

उत्तर तिला दुसऱ्या दिवशी सकाळी एमोरुतच्या गोठ्यात सापडलं. तो गाईंवर गोचिडीचं औषध फवारत होता. बादलीत पाणी, पाण्यात झाकणभर औषध, पाणी दुधासारखं पांढरं झालेलं. गाईच्या कानामागून, आचळांमधून टपोऱ्या गोचिड्या टपाटप गळत होत्या. तोतो बराच वेळ तिथं उभी राहिली. गोचिडी म्हणजे चिवटपणाची कमाल. दगडानं ठेचली तरी पटकन मरत नाही. जे तिला मारतं त्याच्यापुढं डोळ्यांना न दिसणारा रोग कितीसा टिकेल? हिशेब सरळ होता. आमच्यातल्या कुणीही तो तसाच मांडला असता. गाई जगल्या तर आपण जगतो, आणि गाईंना त्या औषधानं जगवलेलं आम्ही रोज बघतो.

एमोरुत गाई घेऊन रानात गेल्यावर तिनं बाटलीतलं बरंचसं औषध जुन्या डब्यात काढून घेतलं. दिराला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही, घरचंच तर होतं. हात धुण्याच्या कॅनमध्ये तिनं अर्धं झाकण टाकलं आणि कॅन हलवला. रॉकेल आणि डांबरगोळ्यांचा मिळून येतो तसा वास सुटला.

आणि गाव खूश! वास आला म्हणजे औषध, हे सगळ्यांना पटलं. जे राखेला नाकं मुरडत होते तेही हात चोळायला लागले. ओट्यावरच्या माश्या गायब झाल्या. चेअरमन ओकियानं दोनदा हात धुतले, वास घेतला आणि म्हणाला, "तोतो, हे हॉस्पिटलसारखं झालं. काय घातलंस?"

"औषध आहे. तुला काय करायचंय? हात धू."

सगळ्यांना वाटलं तालुक्याच्या नर्सबाईनं काहीतरी दिलं असेल. तोतोनंही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर तिला त्या कौतुकाची गोडी लागली होती. पलीकडच्या गावच्या बायका मुद्दाम हात धुवायला यायला लागल्या. किती वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्या शिस्तीला हसत नव्हतं. संध्याकाळी ती लांबून दीनाला सांगायची, "बघ, आता कुणाची हिंमत नाही तुला हलवायची." दीना झोपडीच्या दारातून हसायची.

मग अगुती पेंगायला लागली.

आधी कुणाला काही वाटलं नाही. पोर खेळता खेळता झोपली, म्हणून अकोलनं आत नेऊन टाकली. उठवली तर ओकली आणि पुन्हा झोपली. दुसऱ्या दिवशी तेच. अंग गार, तोंडाला फेसासारखी लाळ. ताप नाही, खोकला नाही. अकोलनं मलेरियाच्या गोळ्या दिल्या. दवाखाना लांब, वाहन बंद. चेअरमननं परवानगीसाठी फोन लावला, तो कुणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकोलची किंकाळी ऐकू आली आणि गाव जागच्या जागी थिजलं.

मयताला मोजकीच माणसं. अगुतीला पुरताना जेमतेम वीस-पंचवीस जण होते, तेही लांब लांब उभे. ना कुणी रात्रभर बसलं, ना कुणी छाती पिटून गायलं. अकोल एकटी रडत होती आणि तिचा आवाज मोकळ्या अंगणात कसातरीच वाटत होता. तोतो गेली होती. पाण्याचे कॅन तिनंच वाहून नेले. "रोगच तो," बायका पुटपुटल्या आणि त्यांची नजर तोतोच्या घराकडं, त्या मागच्या झोपडीकडं गेली.

तोतोनं ती नजर पाहिली. घरी येऊन तिनं काय केलं असेल? हात धुण्याच्या कॅनमध्ये अर्ध्या झाकणाच्या जागी तिनं दोन झाकणं औषध टाकलं.

त्या आठवड्यात आणखी दोन पोरं पेंगायला लागली. एक चेअरमनच्या भावाचं, एक चर्चमध्ये प्रार्थना सांगणाऱ्या मास्तराचं. दोन्ही गुणी, सांगितलेलं ऐकणारी. मास्तराची पोरगी तर रांगेतल्या बाकीच्या पोरांना हात धुवायला लावायची.

दुपारी चेअरमनच्या अंगणात बैठक बसली. बैठकीत काय ठरणार हे तोतोला सांगायला नको होतं. तरी तिनं वेळेवर हापशाचं कुलूप काढलं. ती कुंपणाच्या दगडावर बसली होती आणि तिच्या समोर एक लहान पोरगी आली. तिनं लाकूड दाबलं. पांढुरकं पाणी हातांवर पडलं. तिनं बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत नीट चोळलं, जसं तोतोनं शिकवलं होतं. मग ती पळत हापशाच्या तोटीशी गेली, तिच्या बहिणीनं दांडा हाणला, आणि त्या पोरीनं ओल्या हातांची ओंजळ केली आणि घटाघटा पाणी प्यायली. प्यायल्यावर बोटं चाटली.

हे दृश्य तोतोनं हजारदा पाहिलं होतं. लहान पोरं घरी जाऊन भांड्यानं पाणी पीत नाहीत, तिथंच ओंजळीनं पितात. मोठी माणसं हात धुतात, कॅन भरतात आणि निघून जातात.

कुंपणापलीकडं अचोम झाडाला उलटी लटकली होती, धुळीनं माखलेली, शेंबडी, धडधाकट. रोगानं पहिली जाणार होती ती. आयुष्यात हात न धुतलेली पोर.

तोतोला आठवलं, एमोरुत फवारणी करताना वासराचं तोंड बाजूला धरायचा आणि ओरडायचा, "चाटू देऊ नको रे त्याला, चाटू देऊ नको." ते तिनं उभ्या जन्मात कितीदा ऐकलं होतं.

तिनं दगडाला धरलं. अगुतीचे ते पुढून-मागून दाखवलेले तळहात. शाबास. शहाणी माझी बाय. आपणच म्हणत होतो. रोज म्हणत होतो!

ती उठली, तिनं त्या पोरीच्या तोंडात बोटं घालून तिला ओकायला लावलं. पोरगी भोकाड पसरून आईकडं पळाली. तोतोनं टांगलेला कॅन खाली ओढला, कुंपणाबाहेर नेऊन लांब खड्ड्यात उपडा केला आणि वर माती लोटली. मग ती तिथंच उभी राहिली. कुणी पाहिलं नव्हतं. आता नवं पाणी भरलं की झालं. पोरं आपोआप बरी होतील, लोक म्हणतील रोग आला आणि गेला. कुणाला कधी कळणार नाही. हा विचार तिला शिवला, आणि चांगला घटकाभर तिच्यापाशी बसला. खोटं कशाला बोला.

तेवढ्यात तिच्या अंगणातून गलका ऐकू आला.

ती पोचली तेव्हा सगळं गाव तिथं होतं. अंतर-बिंतर सगळे विसरले होते, खांद्याला खांदा. काहींच्या हातात काठ्या. दीना झोपडीच्या दारात उभी होती, गाठोडं पोटाशी धरून, चेहरा उतरलेला. सगळ्यात पुढं अकोल होती. तिच्या हातात काठी नव्हती, दगड होता.

"आलीस बरं झालं," चेअरमन ओकिया म्हणाला. "तुझा शब्द आठवतो ना, तोतो? काढ पोरीला. स्वतः काढीन म्हणाली होतीस."

"तिनं काही केलेलं नाही."

"एक पोर पुरली. दोन अंथरुणात. आणखी काय करायला पाहिजे होतं तिनं?"

"तिनं नाही. मी." तोतोचा आवाज फाटला. "त्या हात धुण्याच्या पाण्यात मी गोचिडीचं औषध घालत होते."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग कुणीतरी हसलं. खरंच हसलं.

"बघा आता! पोरीला वाचवायला काय काय सुचतंय म्हातारीला."

"तोतो, आम्ही सगळे त्याच पाण्यानं हात धुतोय ना? आम्ही कुठं मेलो?"

"आई आहे ती. आई काहीही बोलेल."

तोतो थक्क झाली. आपण एवढं भयंकर बोललो आणि हे हसतायत! जन्मभर खोटं न बोललेल्या बाईचं खरं बोलणं यांना खोटं वाटतंय. तिनं एमोरुतचा दंड धरला.

"भावजी, तुझी बाटली बघ. जा, घरी जाऊन बघ, किती उरलंय. पोरं हात धुतात आणि त्याच हातानं तिथंच पाणी पितात. मोठी कुणी पितात का ओंजळीनं? कोण आजारी पडलं बघा ना! धुणारी पडली. तुझी अचोम का नाही पडली?"

एमोरुतचं तोंड उघडंच राहिलं. "बाटली..." तो म्हणाला. "बाटली अर्धी झालीय. मला वाटलं गुराख्यांनी सांडली." मग एकदम तिच्याकडं वळून तो किंचाळला, "किती टाकत होतीस? वहिनी, किती?"

"अगुती गेल्यावर दोन झाकणं."

आता कुणी हसलं नाही. एमोरुत मटकन खाली बसला. वासराला बादलीभर पाण्यात एक झाकण, तेही तोंड धरून, हे तिथं जमलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. लोक आपापले तळहात बघायला लागले. एकीनं मुलाला उचललं, त्याचे हात हुंगले आणि ती घराकडं धावत सुटली.

अकोल पुढं आली. दगड अजून हातातच होता. चेअरमननं तिला अडवायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"तिच्या हाताला वास होता," अकोल म्हणाली. आवाज अगदी बारीक. "पुरायच्या आधी मी तिच्या हाताचा मुका घेतला, तेव्हा वास आला. मला वाटलं, किती स्वच्छ हात आहेत माझ्या पोरीचे. मरताना सुद्धा किती स्वच्छ."

तोतो तिच्या पायाशी बसली. "मार," ती म्हणाली. "टाक तो दगड. मी हलणार नाही."

"तोतो!" मागून दीना ओरडली, आणि गाठोडं टाकून धावली. दोन आठवडे पुरे व्हायला अजून अवकाश होता, पण कुणी तिला थांबवलं नाही. तिनं आईला पाठीमागून मिठी घातली.

अकोल त्या दोघींकडं बघत राहिली. मग तिनं दगड खाली टाकला.

"मी तुला मारणार नाही," ती म्हणाली. "तुझी पोर इथं राहू दे, तिचा दोष नाही. चेअरमन, त्या दोन पोरांना आत्ता दवाखान्यात न्या. पोलीस अडवतील तर सांगा, गोचिडीचं औषध पोटात गेलंय. रोगाचं नाव घेऊ नका, म्हणजे डॉक्टर हात लावतील." ती तोतोकडं वळली. "आणि तोतो, तू ऐक. माझ्या लेकीसाठी तू रडायचं नाहीस. कधीच नाही. तिच्या नावानं तुझ्या डोळ्यांतून एक थेंब आलेला मला दिसता कामा नये. तेवढं मी तुला देणार नाही."

आमच्यात असं कुणी कुणाला कधी म्हटलेलं नव्हतं. वैऱ्यालासुद्धा मयतावर रडायला येऊ देतात. उलट तो आला नाही तर लोक बोलतात. शिक्षा म्हणून गाई मागतात, तालुक्याला नेतात, घर सोडायला लावतात. हे ऐकून म्हाताऱ्यांनी सुद्धा एकमेकांकडं पाहिलं. पण अकोल आई होती. तिच्यापुढं कोण काय बोलणार?

ती दोन पोरं वाचली. मास्तराच्या पोरीला बरेच दिवस नीट चालता येत नव्हतं, मग आलं. दीना गावातच राहिली. तोतोनं किल्ली चेअरमनकडं दिली, पण हापसा सांभाळायला कुणी पुढं येईना, तेव्हा बायकांनी आपसांत पाळ्या लावल्या. तोतो इतरांसारखी कॅन घेऊन येते, रांगेत ठेवते, भरते आणि जाते. कुणी तिला टाकलं नाही. सणाला जेवण पाठवतात, रस्त्यात भेटली की "योगा, तोतो" असा आमच्यातला नमस्कार करून विचारपूस करतात. गावानं तिला काही केलं नाही, याचाच तिला अजून धक्का बसलेला असतो.

बंदी उठल्यावर, पुढच्या कापणीनंतर, अकोलचा नवरा परत आला आणि त्यांनी अगुतीचं राहिलेलं मयत पुरं करायचं ठरवलं. बाजरीची अजोन घातली, दोन बोकड कापले. चार गावं आली. जे वर्षभर रडायचं राहिलं होतं ते सगळे घेऊन आले होते. बोलावणं तोतोलाही होतं. अकोलनंच पाठवलं होतं. तोतो सकाळपासून कसाव्याचे कंद सोलत होती, पाणी वाहत होती, चुलीशी बसत होती. दीना तिच्या मागंमागं.

दुपारी बायकांनी फेर धरला. आधी अकोलनं अगुतीला हाक मारली, मग तिच्या बहिणींनी, मग सगळ्यांनी. ज्यांनी त्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं त्या परगावच्या बायका छाती पिटून रडत होत्या. पोरं रडत होती. अचोम मोठ्यानं रडत होती, नाक पुसत. चेअरमन ओकिया खांबाला डोकं टेकून रडत होता.

तोतो चुलीशी उभी होती. तिनं अंगावरच्या वस्त्राचं टोक तोंडात कोंबलं होतं आणि डोळे टक्क उघडे ठेवले होते, मिटले तर ओघळतील म्हणून. दीनानं तिचा हात घट्ट धरला. "पुरे आता, तोतो," ती कुजबुजली. "आता तरी रड. वर्ष झालं. कोण काय म्हणणार आहे?"

तोतोनं फेरातल्या अकोलकडं पाहिलं. अकोलही तिच्याकडंच बघत होती, भरल्या डोळ्यांनी, रडता रडता. तोतो वाट बघत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

अकोलनं मान फिरवली.

तोतोनं चुलीत लाकूड सारलं आणि पाण्याचा रिकामा कॅन उचलून ती हापशाकडं निघाली.